उरला तो बॅक

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना शून्य-शून्यवर अडकला आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली की गॅलरीतून ठरलेली हाळी उठते. "आरं, फुडं व्हा की रं! मागं घर राखायला थांबलायसा काय?" हाळी वाढत जाते. खाली डावा बॅक पुढं सरकतो, त्याच्या मागोमाग सेंटर हाफही निघतो. समोरच्या डीत सात-आठ जणांची दाटी होते. चेंडू कुणाच्या तरी नडगीला लागून बाहेर येतो, कुणीतरी तो न बघताच उंच भिरकावून देतो, आणि त्यांचा एकटा फॉरवर्ड मोकळ्या मैदानातून गोलीच्या अंगावर धावत सुटतो. गोल झाला की तीच गॅलरी, तेच आवाज: "बॅक कुठं मेले?"

माझ्या शेजारी बसणारे तात्या एके काळी तालमीच्या संघातून खेळलेले. असा गोल झाला की ते माझ्याकडे न बघता दोन बोटं वर करतात. दोन म्हणजे दोन बॅक. ते कायम मागं पाहिजेत, बाकीच्यांनी काय घालायचा तो गोंधळ घालावा, असं त्यांचं मत. एकदा मी विचारलं, "तात्या, पण मग पुढं माणसं कमी पडतात त्याचं काय?" तात्या म्हणाले, "माणसं न्हाई कमी पडत. जागा कमी पडती."

आक्रमक फॉर्मेशन चांगलं की बचावात्मक, या वादावर मी बरंच वाचलंय. तात्यांच्या उत्तराच्या फार पुढं कुणी गेलेलं मला आढळलं नाही.

फॉर्मेशनचे आकडे वाचायची रीत सोपी आहे. गोलरक्षक मोजायचा नाही, बाकीचे दहा मागून पुढं मोजायचे. ४-३-३ म्हणजे मागं चार, मध्ये तीन, पुढं तीन. यातला शेवटचा आकडा मोठा तो संघ धाडसी आणि पहिला मोठा तो भित्रा, असा सर्वसाधारण समज आहे. 'पाच बचावपटू खेळवले' हे वाक्य तर आरोपासारखंच छापलं जातं. माझं म्हणणं असं, की आकड्यांवरून आक्रमण-बचाव कळत नाही, आणि तो कधीच कळत नव्हता.

अगदी पहिल्या सामन्यापासून बघा. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडनं आठ फॉरवर्ड उभे केले, स्कॉटलंडनं सहा. मैदानावर चौदा फॉरवर्ड, आणि निकाल ०-०. इंग्लंडची पद्धत अशी की एकानं चेंडू घेऊन मान खाली घालून सुटायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून झुंडीनं पळायचं. तो अडला की मागचा चेंडू उचलणार. आठ जण पुढं होते, पण ते आठही एकाच वाटेनं जात होते. स्कॉटलंडचे खेळाडू एकमेकांना चेंडू देऊ लागले तेव्हा झुंडीची गरज संपली आणि पुढची माणसं हळूहळू मागं येऊ लागली. फॉर्मेशनचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे पुढून मागं येणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. तरी या काळात खेळ कंटाळवाणा होत गेला असं मात्र म्हणता येत नाही.

१८८० च्या दशकात २-३-५ रूढ झालं. त्याला पिरॅमिड म्हणत. मागं दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढं पाच फॉरवर्ड. तात्यांचे दोन बॅक इथलेच. या रचनेचा मुकादम म्हणजे मधला सेंटर हाफ: बचावाला तोच, चढाईची सुरुवात करायलाही तोच. ही मांडणी जवळजवळ चाळीस वर्षं टिकली. मग एका नियमानं ती मोडली. इथं जरा थांबतो, कारण आक्रमणाला खतपाणी घालायला केलेल्या नियमातून बचाव कसा उगवतो हे इतकं स्वच्छ पुन्हा कुठं दिसत नाही.

तेव्हाचा ऑफसाइडचा नियम असा होता: चेंडू पुढं दिला जातो त्या क्षणी आघाडीच्या खेळाडूच्या पुढं प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू पाहिजेत. साधारणपणे हे तीन म्हणजे गोलरक्षक आणि दोन बॅक. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन याच्या ध्यानात आलं की एका बॅकनं चार पावलं पुढं टाकली की समोरचा अख्खा फॉरवर्डचा ताफा ऑफसाइड होतो. डाव फसला तरी दुसरा बॅक मागं आहेच. फुकटची चैन. बाकीचे क्लबही तेच करू लागले. खेळ मध्यरेषेजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंडला आणि शिट्टीशिवाय काही ऐकू येईना. म्हणून १९२५ मध्ये तीनाचे दोन केले. आता एक बॅक पुढं सरकून भागेना, दोघांनीही सरकायचं, आणि चुकलं तर मागं फक्त गोलरक्षक. परिणाम लगेच दिसला. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात १,७०३ झाले.

त्या नव्या हंगामात ३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ हरलं. हर्बर्ट चॅपमन त्याच उन्हाळ्यात आर्सेनलचे व्यवस्थापक झाले होते. संघातला अनुभवी फॉरवर्ड चार्ली बुकन आधीपासून सांगत होता की सेंटर हाफला मागं ओढून दोन बॅकच्या मध्ये उभा करा. सात गोल खाल्ल्यावर ते पटलं. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमच्या मैदानावर आर्सेनल ४-० जिंकलं. मुकादमाचा पहारेकरी झाला. मधली पोकळी भरायला दोन फॉरवर्ड मागं आले आणि कागदावर डब्ल्यू आणि एम ही इंग्रजी अक्षरं उमटली: ३-२-२-३.

लोकांनी नावं ठेवली. आर्सेनल दबा धरून बसतं, नशिबानं जिंकतं, असं म्हटलं जाई. त्या 'नशीबवान', 'बचावात्मक' आर्सेनलनं १९३०-३१ मध्ये लीग जिंकली तेव्हा त्यांच्या नावावर १२७ गोल होते! दुसऱ्या आलेल्या ॲस्टन व्हिलाचे १२८. चॅपमन यांनी माणूस मागं घेतला तो मागं बसायला नव्हे. प्रतिस्पर्धी पुढं ओढला जावा आणि त्याच्या पाठीमागं जागा व्हावी, म्हणून. प्रतिआक्रमण म्हटलं की आपल्याकडे लगेच गनिमी काव्याची उपमा येते, ती मी टाळतो. ज्याच्याकडे सैन्य कमी तो गनिमी कावा करतो. आर्सेनलकडे त्या काळातले सगळ्यात महागडे खेळाडू होते.

डब्ल्यू-एमचं कुलूप हंगेरीनं उघडलं ते एकही जादा फॉरवर्ड न लावता. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. नऊ नंबरचा सदरा घातलेला नांदोर हिदेगकुटी पुढं जायचं सोडून मागं मधल्या फळीत घुटमळत राहिला. त्याला राखायचं काम हॅरी जॉन्स्टनकडे. जॉन्स्टननं पाठलाग केला तर मागं भगदाड, जागेवर राहिला तर हिदेगकुटी मोकळा. जॉन्स्टनला नव्वद मिनिटांत या कोड्याचं उत्तर सापडलं नाही. हंगेरी ६-३, हिदेगकुटीचे तीन गोल, पहिला पहिल्याच मिनिटात. फॉरवर्ड मागं आला आणि आक्रमण वाढलं. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग? मी काय सांगत हुतो?"

ब्राझीलबद्दलचा आपला समज तर मुळातच उलटा आहे. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझील ४-२-४ घेऊन उतरलं. पुढं चार, त्यात गारिंचा, वावा आणि सतरा वर्षांचा पेले. अंतिम सामन्यात स्वीडनला पाच गोल. तेव्हापासून ४-२-४ म्हणजे आक्रमणाचा कळस, असं डोक्यात बसलंय. पण पुढं चार ही त्यातली नवलाई नव्हतीच, त्याआधी पाच असत. नवलाई मागच्या चारांची होती. उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या फाँतेननं गोल करेपर्यंत ब्राझीलनं त्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता. ऑस्ट्रिया ३-०, इंग्लंड ०-०, सोव्हिएत संघ २-०, वेल्स १-०. यातला इंग्लंडविरुद्धचा सामना हा विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोलशून्य सामना. शिवाय डावा विंगर मारिओ झागालो सतत मागं येऊन मधल्या फळीत तिसरा व्हायचा. म्हणजे कागदावर चार फॉरवर्ड, मैदानावर बहुतेक वेळ तीनच.

आता बदनामांकडे वळू. इटलीतल्या कातेनाच्चिओचा अर्थ दाराचा अडसर. त्याची मूळ कल्पना १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल राप्पान यांनी काढली, इटलीत नेरेओ रोक्को यांनी ती रुजवली आणि इंटर मिलानच्या एलेनिओ एरेरा यांनी तिचं नाव जगभर केलं, किंवा घालवलं. मागच्या बचावपटूंच्या पाठीशी एक मोकळा माणूस ठेवायचा. त्याला कुणाच्या मागं लागायचं नाही, फक्त फटी बुजवायच्या. इंटरमध्ये हे काम आर्मांदो पिक्की करायचा. १९६४ आणि १९६५ चे युरोपियन कप इंटरनं जिंकले आणि फुटबॉलचा खून केल्याचा ठपका घेतला. त्याच संघाचा डावा बॅक जाचिंतो फाक्केत्ती यानं १९६५-६६ च्या लीगमध्ये १० गोल केले. बॅकनं दहा गोल! मागं मोकळा राखणदार आहे म्हणून फाक्केत्तीला बिनघोर पुढं जाता येत होतं. आज प्रत्येक मोठ्या संघाचे बॅक कडेनं चढाई करतात. त्या चढाईच्या मूळ पुरुषांत एक जण कातेनाच्चिओच्या अंगणात वाढलेला आहे.

इंटर ज्या दिवशी हरलं त्या दिवशीही निकाल बॅकनंच फिरवला. २५ मे १९६७, लिस्बन, सेल्टिकविरुद्ध युरोपियन कपचा अंतिम सामना. सातव्या मिनिटाला माझ्झोलानं पेनल्टीवर गोल केला आणि इंटरनं दार लावून घेतलं. सेल्टिकचे सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले. त्यांनी तासभर दारावर धडका दिल्या. ६३ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल आला तो बॅक टॉमी गेमेलच्या पायातून. इंटरचे खेळाडू समोरच्या फॉरवर्डना एकेक करून राखत होते, आणि बॅकला राखणारं कुणी नव्हतं. चामर्सनं ८४ व्या मिनिटाला दुसरा गोल केला.

मधली काही वर्षं भरभर ओलांडतो. १९७४ च्या हॉलंडवर आणि रिनस मिशेल्स यांच्या 'टोटल फुटबॉल'वर मराठीतही भरपूर लिहून झालंय. ऑफसाइडचा सापळा हे त्या संघाचं तितकंच मोठं हत्यार होतं, एवढंच नोंदवतो. १९८२ च्या विश्वचषकात झिको-सोक्रेटिसच्या ब्राझीलला इटलीविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. २-२ झाल्यावरही ते पुढंच जात राहिले, रोस्सीनं तिसरा गोल केला आणि ते घरी गेले. त्या पराभवावर हळहळणारे लोक मला आवडतात, पण त्यांचा युक्तिवाद पटत नाही. पुढं जाण्यात चूक नव्हती, चेंडू गेल्यावर मागं कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

ते उत्तर ज्यांनी सगळ्यात कसून शोधलं ते आरिगो साक्की. हे स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधी खेळले नव्हते, वडिलांच्या धंद्यात बूट विकायचे. १९८७ मध्ये ते एसी मिलानचे प्रशिक्षक झाले. संघात गुलिट आणि व्हॅन बास्टन यांच्यासारखे डच तारे. बचावाच्या एवढ्या शिस्तीची गरज काय, असा त्यांचा सूर. साक्कींनी सरावात एक पैज लावली. एका बाजूला गोलरक्षक गाल्ली आणि चार बचावपटू: तास्सोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, गुलिट-व्हॅन बास्टनसह. पंधरा मिनिटांत या पाचांविरुद्ध गोल करून दाखवा. अट एकच, चेंडू गेला की पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात. दहा जणांना गोल करता आला नाही. साक्कींनी हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला, दहांना कधीच जमलं नाही.

चौघं काय करत होते? कबड्डीतली साखळी आठवा. चढाईपटू डावीकडे वळला की अख्खी साखळी वळते, हात सुटत नाहीत, आणि कोपरा कोपऱ्यातच राहत नाही. साक्कींच्या चौघांच्या हातात अदृश्य दोरी होती. चेंडूकडे जवळचा एक जातो, उरलेले तिघं त्याच्या पाठीशी तिरके सरकतात, आणि चेंडू मागं गेला की चौघं मिळून पाच पावलं पुढं. सामन्यात शेवटच्या बचावपटूपासून पहिल्या फॉरवर्डपर्यंत अंतर पंचवीस मीटरच्या आसपास ठेवायचं, असा त्यांचा आग्रह. त्या पंचवीस मीटरमध्ये प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला जागा नाही. हा संघ ४-४-२ खेळायचा. अत्यंत साधा, शाळेतल्या पोरांना शिकवायचा आकडा. त्यानं एप्रिल १९८९ मध्ये रेआल माद्रिदला ५-० आणि महिन्याभरानं अंतिम सामन्यात स्टेआउआ बुखारेस्टला ४-० हरवलं. याला आक्रमण म्हणायचं की बचाव? मला तरी सांगता येत नाही, आणि साक्कींना हा प्रश्न विचारण्याजोगा वाटला नसता.

कबड्डीची उपमा एका जागी तुटते, तीही सांगायला हवी. कबड्डीत पकडीला गुण मिळतो. फुटबॉलमध्ये बारेसीनं कितीही सुंदर पकड केली तरी फलकावर काही हलत नाही. बचाव करणाऱ्याच्या वाट्याला फक्त न झालेल्या गोष्टी येतात. म्हणून बचावाची आठवण राहत नाही, चुकांची राहते.

आणखी एक गोष्ट या वादात नेहमी सुटते. खेळ किती मोकळा होणार हे प्रशिक्षकांइतकंच नियम ठरवतात. १९५४ च्या विश्वचषकात २६ सामन्यांत १४० गोल झाले होते. १९९० मध्ये ५२ सामन्यांत ११५, म्हणजे सामन्यागणिक २.२१, आजवरचा नीचांक. एक गोल करायचा आणि मग बॅकनं गोलरक्षकाला, गोलरक्षकानं हातात घेऊन पुन्हा बॅकला, असा वेळ काढायचा. १९९२ मध्ये सहकाऱ्यानं पायानं मागं दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही, हा नियम आला. १९९४ च्या विश्वचषकात विजयाला दोनाऐवजी तीन गुण आले. तेवढ्याच ५२ सामन्यांत १४१ गोल झाले. गोलरक्षकाला पाय वापरायला लावणारा तो एक नियम आजच्या सगळ्या पासिंग फुटबॉलचा बाप आहे. फॉर्मेशनवर भांडणाऱ्यांना नियमपुस्तिकेची आठवण क्वचितच येते.

आपल्या जवळचा सामना घेऊ. १३ मार्च २०२१, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत: मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. करोनामुळं तो अख्खा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांत झाला. फातोर्ड्यासारख्या गजबजणाऱ्या मैदानावर प्रशिक्षकांच्या हाका ऐकू येत होत्या. मुंबईचे सर्जिओ लोबेरा आधी एफसी गोवाला पासिंगची चटक लावून आलेले. बागानचे आंतोनिओ हबास तीन मध्य बचावपटूंचे, आधी दार लावा मग बघू म्हणणारे. साखळीत दोघांचे ४० गुण. मुंबईनं ३५ गोल केले होते आणि १८ खाल्ले. बागाननं २८ केले, १५ खाल्ले. आक्रमण विरुद्ध बचाव अशी याहून स्वच्छ जोडी भारतीय फुटबॉलमध्ये क्वचितच जमली असेल.

झालं काय? पहिला गोल बागानचा. मुंबई आपल्याच गोलापाशी छोटे पास खेळत होती, बागानचे फॉरवर्ड वर येऊन तिथंच अंगावर गेले, चेंडू हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सनं गोल मारला. 'बचावात्मक' संघाचा गोल समोरच्याच्या अंगणात जाऊन केलेल्या चढाईतून! मग मुंबईची बरोबरी. अहमद जाहूनं मागून लांबच लांब चेंडू उचलून टाकला आणि तो परतवताना तिरीच्या डोक्याला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला. शेवटी नव्वदाव्या मिनिटाला पुन्हा एक लांब चेंडू, गोलरक्षक पुढं येऊन चुकला, ओग्बेचेनं तो आत ढकलला आणि बिपिन सिंगनं गोल केला. २-१. हंगामभर पासिंगचं कौतुक झालेल्या संघाचे दोन्ही गोल लांब चेंडूतून आले. आपल्या पोरांना आपण रोज 'उगाच लांब मारू नको' म्हणून ओरडतो, तसलेच चेंडू ते.

लोबेरांची आणखी एक खूण सांगण्याजोगी आहे. मंदार राव देसाई हा गोव्याचा पोरगा डावा विंगर म्हणून वाढला. लोबेरांनी एफसी गोवात त्याला डावा बॅक केला. त्याला मागं ढकललं असं तेव्हा काहींना वाटलं. प्रत्यक्षात विंगरला पाठमोरं उभं राहून चेंडू घ्यावा लागतो, मागं राहिल्यामुळं मंदारला समोर तीस मीटर मोकळं मैदान मिळू लागलं. भारतीय संघात तो पुढं बॅक म्हणूनच आला.

देशाच्या संघाचं दुखणं मात्र दुसरं आहे. १० सप्टेंबर २०१९ ला दोहामध्ये, त्याच वर्षी आशियाई विजेता झालेल्या कतारला भारतानं ०-० रोखलं, तेही सुनील छेत्रीशिवाय. गुरप्रीत सिंग संधूनं त्या रात्री जे अडवलं ते पाहणारे विसरणार नाहीत. पाचच आठवड्यांनी कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध तोच संघ १-१. तिथं जागा राखायची नव्हती, उघडायची होती, आणि ते काही जमेना. ८८ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल अखेर आला तो गोव्याच्या आदिल खानच्या डोक्यातून. आदिल खान हा त्या दिवशीचा स्टॉपर. भारतीय संघ दार लावायला शिकलाय. बाहेरून बंद असलेलं दार कसं उघडायचं, ते अजून शिकायचंय.

अलीकडचे मोठे संघ पाहिले तर जुन्या शब्दांचा अर्थच उरत नाही. मँचेस्टर सिटीनं २०२२-२३ मध्ये तीन मोठे किताब जिंकले. जून २०२३ च्या युरोपातल्या अंतिम सामन्यात मूळचे चार स्टॉपर एकाच वेळी मैदानावर होते, आणि त्यातला जॉन स्टोन्स चेंडू आपल्याकडे आला की मधल्या फळीत जाऊन खेळायचा. बायर लेव्हरकुसेन २०२३-२४ चा जर्मन लीगचा हंगाम अपराजित राहिलं. त्यांच्या मागच्या तिघांना कडेचे दोघं येऊन मिळाले की पाच व्हायचे. आकड्यावर जाणारा त्यांना भित्रे म्हणाला असता. ८९ गोल केले, २४ खाल्ले, आणि ते कडेचे दोघं, ग्रिमाल्दो आणि फ्रिम्पाँग, गोल करणाऱ्यांच्या यादीत वर. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोनं उपांत्य फेरीपर्यंत एकच गोल खाल्ला, तोही स्वयंगोल. स्पेननं त्यांच्याविरुद्ध हजाराच्या वर पास दिले आणि गोल एकही नाही. टायब्रेकरमध्येही एकही नाही. त्या रात्री बचाव कोण करत होतं आणि आक्रमण कोण, हे चेंडू कुणाकडे होता यावरून ठरवाल तर फसाल. स्पेनचे बरेचसे पास कुठंही न जाणारे होते. चेंडू आपल्यापाशी असेपर्यंत समोरचा गोल करू शकत नाही, एवढाच त्यांचा उपयोग. तोही बचावच झाला.

२००४ च्या युरो स्पर्धेतला ग्रीस मला आवडत नाही, हेही कबूल करून टाकतो. बाद फेरीत तीन सामने, तिन्ही १-०, तिन्ही गोल हेडरचे. ओटो रेहागेल यांनी जमेल ते केलं, आणि जिंकले. त्यात लबाडी काही नव्हती. तरी त्यातला एखादा सामना पुन्हा लावून बघ म्हटलं तर मी बघणार नाही. फॉर्मेशन बघून हे मत झालेलं नाही. चेंडू मिळाल्यावर पुढं धावणारी माणसं त्या संघात कमी होती, आणि साक्कींच्या किंवा चॅपमन यांच्या संघात ती भरपूर होती, फरक एवढाच. संघ कसला आहे हे मी आता एकाच क्षणावरून ठरवतो: चेंडू हातचा गेला त्या क्षणी दहा जण कुठल्या दिशेला वळतात, आणि मिळाला त्या क्षणी किती जण पुढं निघतात. किक-ऑफच्या वेळी पडद्यावर येणारे आकडे तोवर विरून गेलेले असतात.

हे सगळं आपल्याकडे येऊन अडतं ते शाळेच्या मैदानावर. संघ निवडायला दोन कप्तान उभे राहतात, चपळ पोरं आधी उचलली जातात, ती फॉरवर्ड होतात. मग हाफ. शेवटी उरतो तो बॅक. मीही असाच उरलेला बॅक होतो. चार वर्षांत मला आमच्या सरांनी एकच गोष्ट शिकवली, 'आला की मार.' कुठं मार, कुणाला दे, कधी सोड, कधी सरक, यातलं काही नाही. चुकलो की शिव्या, वाचवलं की कुणाचं लक्ष नाही. आजही सकाळी कुठल्याही मैदानावर जा. शिबिरात पन्नास पोरं रांगेनं गोलावर शूट मारत असतात, चौघांना सोबत सरकायला शिकवणारा कोपरा दिसत नाही.

१९६२ साली जकार्त्याच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी नेमकं उलट करून दाखवलं होतं. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. मग जर्नेल सिंग हा संघाचा सगळ्यात भरवशाचा स्टॉपर, डोक्याला जखम होऊन टाके पडलेला. रहीम यांनी त्याला बाकावर बसवलं नाही, सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात त्यानं दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, जर्नेल सिंगनं दुसरा. कोरियानं शेवटी एक परत केला आणि भारत २-१ नं सुवर्ण घेऊन आला. वर्षानुवर्षं फॉरवर्ड अडवत आलेल्या माणसाला फॉरवर्डनं काय करायला हवं ते ठाऊक होतं.

तात्यांचा नातू यंदा शाळेच्या संघात आलाय. चपळ आहे, मैदान वाचतो, साहजिकच त्याला सेंटर फॉरवर्ड केलंय. तात्यांनी शाळेत जाऊन सरांना विनंती केली, पोराला एक वर्ष मागं खेळवा. सर हसले म्हणे. पोरांना शिकवणाऱ्या सगळ्यांना माझीही तीच विनंती आहे. तुमच्या संघातला सगळ्यात हुशार पोरगा येत्या हंगामात एकदा बॅकला खेळवून बघा, आणि त्याला 'आला की मार' एवढंच सांगू नका.